शेवंतीची रात्र

पाचूबंदरात समुद्र घराच्या पश्चिमेस असल्याने शेवंतीच्या कुंड्या कोठे मांडाव्यात हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या या कोळीवाड्यात, वलांड्यांवरचे बोंबील वाळवणारा तोच खारा वारा अंगणात शिरतो, तेव्हा पानांच्या कडा आधी तांबूस होतात, मग करपतात, आणि नवखा माणूस तो रोग समजून औषध फवारू लागतो. वास्तविक कुंड्या घराच्या पूर्वेच्या भिंतीआड, सकाळचे ऊन भरपूर मिळेल अशा ठेवल्या आणि वाऱ्याच्या दिवसांत सकाळी पाने गोड्या पाण्याने धुतली, तर बहुतेक झाडे सावरतात. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ झाले की मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर चढतो. तो दिसताच त्या पाण्याचा वापर बंद करावा. पावसाळा हा क्षार धुऊन नेतो, हा त्याचा मोठा उपकार. मात्र कुंडीच्या तळाचे छिद्र बुजले असेल तर तोच पाऊस मुळे कुजवतो.

खताच्या बाबतीत कोळीवाड्याला तोटा नाही, आणि त्यामुळेच सावधगिरी हवी. खारवलेल्या मासळीचे अवशेष कुंडीत गेले तर मिठाने मुळ्या जळतात. ताज्या मासळीची डोकी व आतडी मातीत मिसळून, पुरती कुजल्यावर, शेणखताबरोबर थोडीथोडी द्यावीत. लाल माती, खत आणि खाडीची नव्हे अशी जाड वाळू, एवढ्या सामग्रीवर शेवंती संतुष्ट असते.

जून महिन्यात लावलेली रोपे रुजून महिनाभर झाला की प्रत्येकाचा कोवळा शेंडा बोटांच्या चिमटीत खुडावा लागतो. हे काम हातून होताना मन कचरते, परंतु शेंडा गेल्याखेरीज झाड फुटत नाही, आणि झिप्रीसारख्या लहान पिवळ्या फुलांच्या जातीत तर फुटव्यांवरच सगळा बहर अवलंबून असतो. श्रावण संपेपर्यंत ही खुडणी आटोपावी असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. तिला उशीर केला तर फुलेही उशिरा येतात. एकच मोठे फूल हवे असणाऱ्याने मात्र पुढे बाजूच्या कळ्या काढून टाकून मधली तेवढी राखावी.

यानंतरचा सर्वांत नाजूक भाग अंधाराचा. १९२० साली अमेरिकन कृषिखात्यातील गार्नर व अ‍ॅलार्ड या संशोधकांनी दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध मांडला, आणि पुढे हेही स्पष्ट झाले की दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या वनस्पतींना हवी असते ती अखंड रात्र. शेवंती ही त्याच कुळरीतीची. म्हणूनच व्यापारी बागाईत रात्री काही तास दिवे लावून बहर लांबवतात, अथवा काळे कापड ओढून तो अलीकडे आणतात. आमच्या गल्लीतल्या दिव्याखाली, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलेली कुंडी भाद्रपद-आश्विनातही पानेच काढत राहते, आणि त्याच मातीतली, त्याच खुडणीची तिची जोडीदारीण घरामागच्या काळोखात कळ्या धरते, ही तफावत डोळ्यांनी पाहिली म्हणजे त्या सिद्धांताला पुराव्याची गरज उरत नाही. ओटीवरचा दिवा रात्री बंद ठेवण्याची तजवीज यासाठीच करावी लागते.

कळी येण्याआधी झाड आगाऊ वर्दी देते: वरची पाने लहान होऊ लागतात, त्यांच्या खाचा उथळ होतात, आणि नंतर शेंड्यात चपट्या गुंडीसारखे काहीतरी जाणवते. नेमक्या याच सुमारास काळा मावा कळीच्या मानेला गर्दी करून रस शोषतो. सकाळी ओल्या फडक्याने त्याला पुसून घेणे आणि निंबोळी अर्क फवारणे घरगुती झाडांना बहुधा पुरे होते. मुंग्यांची रांग देठावर दिसली, तर मावा आहे की नाही ते पाहण्याची तसदी मात्र घ्यावीच.

या वाड्यात फुलांना मागणी दोन वेळची. एक २ नोव्हेंबरची, जेव्हा दिवंगत आप्तांच्या कबरींवर फुले व मेणबत्त्या ठेवल्या जातात. दुसरी नाताळची, आणि हिंदू शेजारणींच्या मार्गशीर्षातील गुरुवारांची. पहिल्या दिवसाला फूल पोहोचवायचे तर अंधाराची शिस्त काटेकोर पाळावी लागते. दिव्याजवळच्या कुंड्या आपोआप उशिराच्या मागणीला उपयोगी पडतात.

फुलांचा हंगाम सरल्यावर दांडे मातीपासून वीतभर उंचीवर छाटावेत, आणि कुंड्या उन्हाळाभर अर्धसावलीत जगवाव्यात. बुंध्याभोवती ज्या काश्या निघतात, त्यांपैकी जुन्या दांड्याला चिकटलेल्या न घेता, दूर मातीतून वर आलेल्या, स्वतःची मुळे धरलेल्या काश्याच जूनच्या लागवडीसाठी वेगळ्या काढाव्यात.