शिळेवरचे अक्षर आणि बाजूचा उजेड

बार्शीटाकळीचे देवीचे हेमाडपंती देऊळ पाहायला येणारा पाहुणा हल्ली रिकाम्या हाताने परत जात नाही. खिशातल्या फोनमध्ये दहा-वीस छायाचित्रे तरी घेऊन जातो. घरी गेल्यावर ती उघडून पाहिली म्हणजे मात्र त्याचा थोडा हिरमोड होतो. देवळात उभे असताना जी नक्षी डोळ्यांत भरली होती, ती चित्रात पिठात बुडवून काढल्यासारखी सपाट दिसते. दोष कॅमेऱ्याला देण्याची पद्धत आहे. आमच्या मते तो बहुतेक वेळा उजेडाच्या जागेचा असतो, आणि ती जागा बदलणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

चैत्रात वखरलेल्या वावराकडे भर दुपारी पाहा. सगळी काळी जमीन एकसारखी दिसते. तेच वावर दिवस मावळताना पाहिले तर एकेक ढेकूळ आपली सावली घेऊन उभे राहते आणि वखराची प्रत्येक फेर मोजता येते. जमीन तीच, सूर्यही तोच. तो फक्त खाली उतरला. घरी प्रयोग करायचा असेल तर टाकी लावलेला पाटा अंधारात ठेवावा. आधी समोरून बॅटरीचा झोत टाकावा, मग तीच बॅटरी पाट्याच्या कडेशी जवळजवळ आडवी धरावी. समोरच्या उजेडात न दिसलेले टाकीचे घाव बाजूच्या उजेडात मोजता येतील.

हिशेबही सोपा आहे. अक्षराची खाच दोन मिलिमीटर खोल आहे असे धरा. उजेड दगडाशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून आला तर कडेची सावली दोनच मिलिमीटर पडते. तो दहा अंशांपर्यंत खाली उतरवला तर सावली अकरा मिलिमीटरांवर जाईल इतकी लांबते, म्हणजे सबंध खाच काळी होते आणि अक्षर उठून दिसते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश मात्र कॅमेरा जिकडून पाहतो तिकडूनच उजेड टाकतो. सावल्या पडतात त्या वस्तूच्या मागे, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूस. म्हणून चित्र सपाट येते.

तेव्हा फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवला पाहिजे. पूर्वी त्यासाठी लांब तार लागे. ती पायात येई, आणि खांबाला वळसा घालून न्यावी तर पुरत नसे. नंतर दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून पेटणारे दिवे आले. त्यांची अडचण अशी की उन्हात त्यांना ती चमक दिसत नाही, आणि लग्नाच्या मांडवात कोणाही पाहुण्याने आपला फ्लॅश उडवला की हेही मध्येच पेटतात. आताचे बिनतारी ट्रिगर रेडिओलहरींवर चालतात. कॅमेऱ्यावर काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी बसवायची. कळ दाबताच ती २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर संदेश पाठवते आणि खांबाआड ठेवलेला फ्लॅश पेटतो. आकाशवाणीचे केंद्र लागावे म्हणून काटा जसा ठरावीक जागी आणावा लागतो, तसाच येथे ट्रिगर आणि फ्लॅश यांचा चॅनेल एक असावा लागतो. हे लिहिण्याचे कारण असे की एकदा आम्ही पाऊण तास बॅटरी काढून घालत बसलो, आणि शेवटी कळले की एकीकडे चॅनेल एक होता व दुसरीकडे तीन.

फ्लॅशही आता सुटे भाग जोडून वापरण्याजोगे मिळतात. गोडॉक्स कंपनीचा एडी २०० हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अंगाने तो जाडसर विटेच्या तुकड्याएवढा. मागे बॅटरी सरकवून बसवायची. पुढे दोन तोंडांपैकी एक लावायचे. चपट्या भिंगाच्या तोंडातून उजेड समोर झोतासारखा जातो. उघड्या नळीचे तोंड लावले की तो चहूकडे फाकतो. शिलालेखाला पहिले तोंड बरे, अंधाऱ्या मंडपाला दुसरे. शक्ती २०० वॅट-सेकंद, आणि एका भरणीत पूर्ण जोराच्या सुमारे पाचशे चमका. पोटात असतो तो कपॅसिटर: बॅटरीकडून घेतलेली वीज साठवून क्षणात झेनॉन वायूच्या नळीत ओतणारा. ही विजेची चमक छायाचित्रकारांच्या हाती देण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन यांच्याकडे जाते. त्यांचे काम १९३० नंतरच्या दशकातले. त्याआधी मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत, आणि धुराने फोटोवाला व गिऱ्हाईक दोघेही खोकत. त्या कपॅसिटरमध्ये फ्लॅश बंद केल्यावरही जीव घेण्याइतका विजेचा दाब उरतो. घरच्या हुशार मुलाने स्क्रू उघडायला घेतले तर त्याला तेथेच थांबवावे.

एवढ्या शक्तीची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अंतरात आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. दोन फुटी लेखाच्या कडेपासून एक फुटावर फ्लॅश ठेवला, तर जवळच्या अक्षरांवर पडणाऱ्या उजेडाचा नववा हिस्साच पलीकडच्या अक्षरांना मिळतो. एक टोक पांढरे, दुसरे काळे. तोच फ्लॅश सात फुटांवर नेला तर हा फरक दुपटीच्या आत येतो. पण आता तेथवर पुरेल एवढा जोर हवा: सातपट अंतराला एकोणपन्नासपट उजेड. लहान फ्लॅश येथे हात टेकतात.

शटरकडेही लक्ष द्यावे. मोठ्या कॅमेऱ्यात शटरचे दोन पडदे असतात. सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास ते क्षणभर पूर्ण उघडे राहतात; याहून वेग वाढवला तर एकामागून एक धावणाऱ्या पडद्यांत फक्त फट उरते आणि चित्रावर काळा पट्टा येतो. म्हणून वेग त्या मर्यादेतच ठेवावा आणि फ्लॅशच्या उजेडाचे माप भिंगाच्या छिद्राने व फ्लॅशच्या जोराने साधावे. उघड्यावरच्या शिळेला दुपारी हात लावू नये. दिवेलागणीची वेळ धरावी.

आता मुद्द्याची गोष्ट. बाजूचा उजेड सगळे काही दाखवतो, ही समजूत खोटी आहे. तो फक्त आडव्या आलेल्या रेघा दाखवतो. उजेड डावीकडून पडला तर काना, दंड या उभ्या रेघा उठतात आणि शिरोरेषा बुडते. तो वरून पडला तर शिरोरेषा उठते आणि काना बुडतो. कान्यावाचून ‘राम’ वाचला तर काय उरते, हे सांगायला नको. आकड्यांत अशी चूक झाली तर शतकेच्या शतके हलतात. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ चा मानला. इतर काही अभ्यासकांच्या मते तो शके ११३२ चा आहे. मराठीच्या वयात जवळजवळ दोनशे वर्षांचा फरक! आपल्या देवळाच्या लेखातला शक १०९८ सांगितला जातो, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

यावर उपाय असा की कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा आणि त्याला मुळीच हलवू नये. फ्लॅश मात्र हातात घेऊन डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असा फिरवावा, आणि प्रत्येक ठिकाणाहून एक चित्र घ्यावे. मग चारही चित्रे शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासावे. दिवा फिरला की जिची सावली बाजू बदलते ती खरी खाच, मग ती एखाद्या उजेडात बुडाली तरी चालेल. उजेड कोठूनही आला तरी जशीच्या तशी दिसते ती कदाचित दगडाची शीर. बिनतारी ट्रिगरचा खरा उपयोग हाच. दिवा फिरतो, नजर स्थिर राहते. याच कल्पनेचा विस्तार करून टॉम माल्झबेंडर यांनी २००१ साली एक रीत प्रसिद्ध केली. दिव्याच्या अनेक जागांवरून घेतलेली चित्रे संगणकात एकत्र केली की पडद्यावर बोटाने उजेड फिरवून शिळा वाचता येते. आज शिलालेख, नाणी आणि जुनी चित्रे यांच्या अभ्यासात ती रूढ आहे. शिळेजवळ एक काळा चकचकीत गोळा ठेवतात. त्यावरच्या चमकेच्या ठिपक्यावरून दिवा कोठे होता ते संगणकाला कळते.

मूर्तींना मात्र हा आडवा उजेड लावू नये. नाकाची सावली गालभर पसरते आणि देवीचा चेहरा उग्र दिसू लागतो. तेथे दिवा थोडा वर, पंचेचाळीस अंशांच्या जवळ ठेवून समोर पांढरे धोतर किंवा चादर धरावी. तिच्यावरून परतलेला उजेड सावल्या मऊ करतो. याला विलायती छत्री लागते असे दुकानदार सांगतील. आमचे काम चादरीने भागले आहे.

लेख स्पष्ट दिसावा म्हणून खडूने, चुन्याने किंवा रंगाने अक्षरे भरण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. भरणारा जसे वाचतो तसेच भरतो, आणि पुढच्या माणसाला दगड न दिसता त्याचे वाचन दिसते. शेंदूर आणि तेलरंग यांचे थर तर खाच बुजवूनच टाकतात. उजेड दगडाला शिवत नाही, हा त्याचा मोठा गुण. अजिंठ्यासारख्या रंगीत चित्रांची गोष्ट वेगळी. तेथे फ्लॅशला मनाई आहे आणि ती पाळावी.

तिवई आणि दिवे घेऊन देवळात जायचे तर आधी विचारावे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तिवईला परवानगी लागते, आणि जेथे पूजा चालते तेथे पुजाऱ्यांची संमतीही हवी. आरतीच्या वेळी तर फ्लॅश पिशवीतच असावा. चित्रे घेतली की त्याच दिवशी प्रत्येकावर गाव, देऊळ, शिळेची जागा, तारीख आणि दिवा कोणत्या बाजूस होता हे लिहून ठेवावे, आणि शिळेशेजारी एक फूटपट्टी धरून एक चित्र निराळे घ्यावे. आम्ही पहिल्या खेपेला हे केले नाही, आणि आठवड्याने दोन वीरगळांची चित्रे समोर ठेवून कोणता कोणत्या गावचा हे ठरवण्यासाठी पुन्हा एस.टी. धरावी लागली.