लुसीबाईंची याचिका
(श्रद्धा आणि सार्वजनिक जीवन : भाग सातवा)

गेल्या भागात मध्यस्थीच्या प्रार्थनेविषयी लिहिलं होतं. पुणतांब्याच्या पंचक्रोशीतल्या ख्रिस्ती घरांना ती काही समजावून सांगायला नको. रविवारी उपासनेआधी पाळकांच्या हाती चिठ्ठ्या जातात : अमक्याचं ऑपरेशन आहे, तमकीचं बाळंतपण अडलंय. मग सगळी मंडळी डोळे मिटून त्यांच्यासाठी देवाकडे रदबदली करतात. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतही हेच चालतं, आणि तिथे तर सगळ्या जातिधर्मांची माणसं असतात. एचआयव्हीचं नाव मात्र या चिठ्ठ्यांवर सहसा येत नाही. घरातलं माणूस गेलं तरी ‘टीबी होता’, ‘कावीळ मुरली होती’ असंच सांगितलं जातं. ज्या आजाराचं नावच घेता येत नाही, त्याच्यासाठी मध्यस्थी करायची कशी? आणि ती चर्चच्या बाहेर, सरकारपुढे, कोर्टापुढे करायची की नाही?

मला ठाऊक असलेलं याचं सर्वांत ठसठशीत उत्तर गोव्यातल्या एका आईने दिलं आहे.

बार्देश तालुक्यातल्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा कॅथलिक तरुण. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडात नोकरीला होता, नाटकांत काम करायचा, नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही असल्याचं या रक्तदानामुळेच उघड झालं. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि म्हापशाच्या टीबीच्या जुन्या रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलं. गुन्हा कसलाच नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एड्सबाधितांना अलग ठेवण्याची तरतूद घातली गेली होती, तेवढं कारण पुरलं. एचआयव्ही हवेतून पसरत नाही, एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने लागत नाही, हे तेव्हाही वैद्यकाला माहीत होतं. तरी डॉमिनिकने ६४ दिवस तिथे काढले.

त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे याचिका केली. वकील होते आनंद ग्रोव्हर. खटला कायद्याच्या पुस्तकांत ‘लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य’ असा नोंदला गेला आहे. एप्रिलमध्ये डॉमिनिक घरी आला. डिसेंबरात निकाल लागला, तेव्हा कोर्टाने अलगीकरणाची तरतूद काही रद्द केली नाही. कायद्याच्या भाषेत ती हारच. पण सुटून आलेला डॉमिनिक तोंड लपवून बसला नाही. तो लोकांपुढे उभा राहून बोलू लागला. १९९२ मध्ये त्याने नाट्यक्षेत्रातल्या सहकारी इझाबेल द सांता रीटा वाझ यांच्यासोबत ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

याचिकेवर आईचं नाव आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलाचा आजार तिने जगाला सांगितला नव्हता, ते काम पोलिसांच्या गाडीने आधीच केलं होतं. तिने पुढे केलं ते स्वतःचं नाव. एचआयव्हीबाधितासाठी आवाज उठवायचा म्हणजे नेमकं हेच करायचं. पणाला आपली अब्रू लावायची, त्याची नाही. पाळकाने, सिस्टरने, महिला मंडळाच्या अध्यक्षांनी सरकारी दवाखान्यात जाऊन भांडावं, पण कुणाचा रिपोर्ट काय आला हे त्या माणसाने मोकळीक दिल्याशिवाय प्रार्थनेतही उच्चारू नये.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याच्या डोळ्यांना माती लावायला घेतो. आपल्या मंडळ्यांत आजही पहिला प्रश्न शिष्यांचाच असतो. ‘त्याला लागलं कुठून?’ ट्रकवर होता का, बाहेरचा नाद होता का? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातून पुढे काहीच होत नाही, कारण उत्तर मिळालं की त्याची जबाबदारी संपते. पण या प्रश्नापाशी न थांबणारेही आहेत. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २००५ मध्ये एचआयव्हीविषयी स्वतंत्र धोरण काढलं. पाचगणीचं बेल-एअर रुग्णालय, एके काळचं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम, फादर टॉमी करियिलकुलम यांच्या काळात एचआयव्हीबाधितांचा आधार झालं. आपल्याच नगरमध्ये गिरीश कुलकर्णींनी १९८९ मध्येच ‘स्नेहालय’ सुरू केलं. ती ख्रिस्ती संस्था नाही, पण शोमरोन्याचा दाखला वाचणाऱ्याने त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

आता कायदाही बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, कुठेही भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. राहत्या घरातून हाकलता येत नाही. विषाणूला आवरणारी ‘एआरटी’ औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन लावावा.

तरी सासरचे लोक विधवेला माहेरी धाडतातच. ‘तुझ्यामुळेच गेला’ म्हणतात आणि सातबाऱ्यावर दिरांची नावं चढतात. मध्यस्थी हवी ती इथे. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल आणि मुलं असतील, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेचा एक तृतीयांश वाटा असतो, उरलेलं मुलांचं. तिच्याबरोबर तलाठ्याकडे कोण जाणार? पुणतांब्याला गाव म्हणून बोलायची सवय आहे. १ जून २०१७ चा शेतकरी संप याच गावातून उठला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तसा ‘आजाराचं कारण सांगून कोणत्याही बाईची वारसनोंद अडवली जाणार नाही’ हा ठराव इथल्या ग्रामसभेत मांडता येईल. त्यात कुणाचंही नाव घ्यावं लागणार नाही. चर्चमधल्या चार जणांनी तो मांडायला उभं राहावं, एवढीच माझी विनंती आहे.

वारसनोंदीचा अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात आणि हरकत आली तर कुठे जायचं, हे पुढच्या आठवड्यात.