तेल पडलं म्हणून जमीन मेली नाही

रस्त्याच्या कडेला डिझेलचा टँकर उलटला आणि खालच्या अंगाच्या शेतात डिझेल उतरलं. मी पोहोचलो तेव्हा आबा बांधावर डोक्याला हात लावून बसले होते. "साहेब, पेटवून देऊ का? नाहीतर जेसीबी लावून गाडून टाकू. पाच गुंठे गेले समजायचे."

मी म्हणालो, "आबा, थांबा. पेटवाल तर जिवावर बेतेल, गाडाल तर विहीर नासेल. ही जमीन मेलेली नाही."

शेतकरी बंधूंनो, आपल्या मातीत तेल खाणारे जिवाणू मुळातच असतात. स्युडोमोनास हा त्यातलाच एक. तेलातला कार्बन हे त्यांचं अन्न. ते खाऊन शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू. पण नुसत्या कार्बनावर त्यांचं भागत नाही; नत्र, स्फुरद, हवा आणि ओलही लागते. कच्चं शेणखत टाकल्यावर पीक पिवळं पडतं ना? तसंच इथंही जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात. म्हणून त्यांना वरून खत द्यावं लागतं. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' जहाजाचं तेल किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा तिथंही नत्र-स्फुरदाची खतं टाकून स्थानिक जिवाणूंनाच कामाला लावलं होतं.

आपल्या देशात 'टेरी' संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचं 'ऑइलझॅपर' हे मिश्रण तयार केलं. रायझोबियमच्या पाकिटासारखंच, फक्त इथं जिवाणू मक्याच्या रिकाम्या कणसांच्या पुडीवर बसवलेले असतात. तेल कंपन्यांच्या गाळावर आणि तेलकट मातीवर ते वापरलं गेलं आहे.

असं संकट आलं तर काय करावं?

१) आधी विडी-काडी लांब. गळती थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. पोलीस आणि अग्निशमन दलाला कळवावं.
२) विहीर, ओढ्याकडे तेल जाऊ नये म्हणून मातीचा बांध घालावा.
३) माती हलवण्याआधी पंचनामा करून घ्यावा. गावच्या अधिकाऱ्यांनी यात दिरंगाई करू नये. भरपाई त्यावरच अवलंबून असते.
४) नंतर तज्ज्ञांच्या सल्ल्याने माती वीतभर थरात पसरून नत्र-स्फुरद द्यावं, अधूनमधून कुळवावी आणि वाफशावर ठेवावी. पाणी साचलं की हवा तुटते, काम थांबतं. खताचा अतिरेकही नको.

डिझेलला काही महिने लागतात, जड काळ्या तेलाला वर्षंही लागतात. मात्र जळक्या इंजिन ऑइलमधलं शिसं, जस्त कुठलाही जिवाणू खाऊन संपवत नाही.

पुढच्या पावसात त्या पट्ट्यात लव्हाळा उगवला. आबा खूश. "साहेब, तण आलं म्हणजे जमीन जिती हाय!" खरं आहे. पण नेहमीच्या माती परीक्षणात तेल मोजत नाहीत. म्हणून तेलाचा अंश वेगळा तपासून घ्यावा, विहिरीचं पाणीही तपासावं, आणि मगच खाण्याचं पीक घ्यावं.