सर्व्हर स्लो आहे, असं ठरवण्याआधी

एडिट रूममध्ये टाइमलाइन अडखळली की सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळतात, कोपऱ्यातल्या स्टोरेजकडे. ‘सर्व्हर स्लो झालाय.’ मग वेंडरला फोन जातो, कोटेशन येतं, त्यात नव्या एसएसडी किंवा महागडा स्विच असतो. पैसे जातात आणि टाइमलाइन तशीच अडखळत राहते. एका नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवर) चार-पाच एडिटर बसवणाऱ्या छोट्या स्टुडिओंना हे नवीन नाही.

तक्रार एक असली तरी दोष चार ठिकाणी असू शकतो: डिस्कमध्ये, नेटवर्कमध्ये, फाइल शेअर करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये (बहुधा एसएमबी) किंवा एडिटरच्या स्वतःच्या मशीनमध्ये. नेमका कुठे, ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजण्याची साधनं मात्र फुकट मिळतात. त्याआधी काही ठाम समजुती बाजूला सारायला हव्यात.

‘गिगाबिट लाइन आहे, मग अडचण काय?’

नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १ गिगाबिटच्या लाइनवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जाऊ शकतात, हातात पडतात साधारण ११० ते ११५. आता फोर-के, २५ फ्रेमची प्रोरेस ४२२ एचक्यू फाइल घ्या. ॲपलच्या तक्त्यानुसार तिला सेकंदाला ७३७ मेगाबिट लागतात, म्हणजे सुमारे ९२ एमबी. एक लेअर कसाबसा चालेल. डिझॉल्व्ह लावला की त्या जागी दोन्ही क्लिप एकदम वाचाव्या लागतात आणि लाइन भरते. चार कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅमला तर ३७० एमबी हवेत. तिथे २.५ गिगाबिटही अपुरं पडतं, १० गिगाबिटच लागतं.

उलट बाजूही बघा. १०८०ची प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला फक्त ३८ मेगाबिट मागते. अशा डझनभर क्लिप त्याच जुन्या गिगाबिट लाइनवर आरामात चालतात. कोणता कोडेक, किती लेअर, किती एडिटर हा गुणाकार कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात. तो न मांडताच लाखांची खरेदी होते, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

‘प्लेबॅक अडखळतो, म्हणजे स्टोरेजच कमी पडतंय’

सर्वात महागात पडणारा गैरसमज हाच. मिररलेस कॅमेऱ्यावर फोर-केमध्ये शूट केलेलं फुटेज अनेकदा सेकंदाला १०० मेगाबिटचं असतं, म्हणजे १२.५ एमबी. एवढं एक साधी हार्ड डिस्कही सहज पुरवते. तरी सगळ्यात जास्त अडखळतं ते हेच फुटेज.

कारण अशा फाइलची रचना. एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम आणि पुढच्या बऱ्याच फ्रेममधले फक्त बदल, अशी साखळी असते. प्लेहेड मध्येच कुठेतरी ठेवला की तिथलं चित्र दाखवण्यासाठी मशीनला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल मोठी होते, पण प्रोसेसरवरचा ताण कमी होतो.

त्यात फुटेज १० बिट ४:२:२ असेल तर आणखी पंचाईत. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ हार्डवेअरमधून उलगडण्याची सोय आरटीएक्स ५० मालिकेत, म्हणजे २०२५ मध्ये आली. त्याआधीचं कार्ड कितीही महाग असलं तरी या कामात ते हात वर करतं आणि सगळा भार सीपीयूवर पडतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एचईव्हीसीचं ४:२:२ अकराव्या पिढीपासून जमतं. म्हणून कधीकधी स्वस्त मशीनवर तेच फुटेज लोण्यासारखं चालतं आणि महागड्या मशीनचा मालक सर्व्हरला शिव्या देत बसतो.

खात्री करणं सोपं आहे. अडखळणारी क्लिप मशीनच्या आतल्या एनव्हीएमई ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून चालवा. तिथेही अडखळली तर सर्व्हर निर्दोष. उपाय प्रॉक्सी (हलकी कॉपी) बनवणं किंवा ट्रान्सकोड करणं, आणि त्याला रात्रभराच्या विजेपलीकडे फारसा खर्च नाही.

‘कॉपी तर ६०० एमबीने होते!’

होत असेल. एक मोठी फाइल, एकच वाचणारा, डिस्क एका रेषेत वाचत जाते. एडिटिंग असं नसतं. एक एडिटर चार लेअर वाचतोय, दुसऱ्याकडे ऑडिओच्या वेव्हफॉर्म बनतायत, तिसरा एक्स्पोर्ट करतोय आणि त्याच वेळी असिस्टंट शूटवरून आलेली कार्डं रिकामी करतोय. हार्ड डिस्कचं डोकं या प्रत्येकासाठी वेगळ्या जागी धावतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती जागा डोक्याखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, डोकं हलवायला साधारण ८ आणखी. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८०-९० उड्या. एका रेषेत २०० एमबी देणारी डिस्क अशा धावपळीत त्याच्या छोट्याशा अंशावर येते.

म्हणून एका मशीनवरच्या स्पीड टेस्टला फारसा अर्थ नाही. ब्लॅकमॅजिकची मोफत डिस्क स्पीड टेस्ट सगळ्या मशीनवर एकाच वेळी चालवा, जमल्यास ऐन कामाच्या वेळेत. तोच खरा आकडा. तो घसरत असेल तर आधी एडिटिंग सॉफ्टवेअरची मीडिया कॅश प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या एसएसडीवर हलवा. ती हजारो बारीक फाइलींची असते आणि शेअर्ड स्टोरेजला विनाकारण छळते. कार्डं रिकामी करण्याची वेळ ठरवून घ्या. एवढ्यानेही भागलं नाही तर डिस्कची संख्या वाढवा किंवा चालू प्रोजेक्टपुरता एसएसडीचा वेगळा पूल करा.

नॅसमध्ये एसएसडी कॅश बसवणं हा त्याला पर्याय नाही. एका रेषेत वाचल्या जाणाऱ्या मोठ्या फाइली ही कॅश अनेकदा मुद्दाम वगळते. सिनॉलॉजीमध्ये तर मूळ सेटिंगच तशी असते. अवाढव्य फुटेजही तिच्यात मावत नाही.

डिस्क किती भरली आहे तेही बघा. हार्ड डिस्क बाहेरून आत भरत जाते आणि बाहेरच्या कडेवरचा वेग आतल्या कडेवर जवळपास निम्मा होतो. ९५ टक्के भरलेल्या स्टोरेजकडून पहिल्या दिवसाच्या वेगाची अपेक्षा करू नये. शिवाय डिस्क सीएमआर आहे की एसएमआर, हे विकत घेतानाच विचारा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग लिहिताना ती मध्येच धापा टाकते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

‘दोन केबल लावल्या की दुप्पट स्पीड’

लिंक ॲग्रिगेशनमध्ये एका मशीनचं एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं. फायदा होतो तो अनेक मशीन असताना, एकट्या एडिटरला नाही. एकाच मशीनला दोन्ही केबल वापरायच्या असतील तर एसएमबी मल्टिचॅनल लागतं, आणि ते दोन्ही टोकांना चालू हवं.

जंबो फ्रेमनेही (नेटवर्कवर मोठी पॅकेट पाठवून) जादू होत नाही, चार-पाच टक्के मिळतात. पण वाटेतलं एखादं उपकरण ९००० बाइटऐवजी १५०० वरच राहिलं तर कनेक्शन गोठतं.

केबलची तपासणी मात्र टाळू नका. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तुटली की लाइन मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरते आणि कॉपी ११-१२ एमबीवर अडकते. हा आकडा दिसला तर केबल बदला, दुसरं काही शोधू नका. १० गिगाबिटसाठी कॅट ६ फार तर ५५ मीटरपर्यंत, त्यापुढे कॅट ६ए. डिस्क बाजूला ठेवून नुसती लाइन मोजायला आयपर्फ३ आहेच.

‘काल चालत होतं, आज स्लो आहे’

तर काल आणि आज यांच्यात काय बदललं ते शोधा. विंडोज अपडेट झालं का? विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी सायनिंग सक्तीचं झालं आणि कमकुवत प्रोसेसरच्या जुन्या नॅसना ते जड जातं. लॅपटॉप केबल लावूनही वायफायवरून तर बोलत नाही ना?

आणि रात्री वीज गेली होती का? यूपीएस नसेल तर अचानक बंद पडलेला रेड (अनेक डिस्क जोडून केलेला संच) पुन्हा सुरू झाल्यावर सगळ्या डिस्क पडताळून बघायला लागतो आणि ते काम कित्येक तास चालतं. एखादी डिस्क मेली असेल आणि नवी घालून रिबिल्ड चालू असेल तर मोठ्या डिस्कवर दिवस-दोन दिवसही जातात. तेवढ्या काळात वेग पडणारच. नॅसच्या स्टेटसच्या पानावर ‘डिग्रेडेड’ दिसलं तर स्पीड टेस्ट सोडा आणि चालू प्रोजेक्टची कॉपी आधी दुसरीकडे काढा. रेड ५ मध्ये या अवस्थेत दुसरी डिस्क गेली की सगळं फुटेज जातं.