कॅराव्हॅन प्रवास

कॅराव्हॅन प्रवास म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा शौचालयाचीही सोय असलेल्या मोटार वाहनातून केलेला प्रवास होय. अशा वाहनास कॅम्परव्हॅन, मोटारहोम किंवा भारतीय मानकांच्या परिभाषेत मोटार कॅराव्हॅन असे म्हणतात. मुक्कामासाठी हॉटेल किंवा धर्मशाळेवर अवलंबून राहावे लागत नाही, हे या प्रवासाचे मुख्य आकर्षण आहे. मात्र उष्ण आणि तुरळक सोयींच्या प्रदेशात हे स्वातंत्र्य वाहनातील पाणी, वीज व सांडपाण्याची टाकी यांच्या क्षमतेपुरतेच उरते. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड–अजिंठा मार्ग आणि कोकण किनारा ही या मर्यादेची दोन भिन्न उदाहरणे होत.

नाव आणि पूर्वपीठिका

'कॅराव्हॅन' हा शब्द मूळ फारसी 'कारवान' या शब्दापासून युरोपीय भाषांत गेला. त्याचा मूळ अर्थ एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा वा यात्रेकरूंचा तांडा असा आहे. मराठीत 'काफिला' हा शब्दही याच अर्थाने वापरतात.

दख्खनच्या पठारावरून समुद्रकिनाऱ्याकडे होणारी अशी वाहतूक फार जुनी आहे. इ. स. पहिल्या शतकातील 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात प्रतिष्ठान (पैठण) हे भृगुकच्छ (भरूच) बंदरापासून वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे म्हटले असून, पैठण व तगर (तेर) येथील माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून बंदरापर्यंत नेला जात असल्याची नोंद आहे. जुन्नरजवळील नाणेघाट हा कोकणातील बंदरांना पठाराशी जोडणारा सातवाहनकालीन मार्ग होता. पुढील काळात लमाण (बंजारा) समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून याच भूभागातून फिरत. पाणी व चारा जेथे असेल तेथेच तांड्याचा तळ पडे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्क्या सडका झाल्यावर हा व्यवसाय मोडला.

केवळ हौसेखातर फिरते घर वापरण्याची प्रथा इंग्लंडमध्ये रुजली. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये 'द वाँडरर' ही घोड्यांनी ओढली जाणारी गाडी सहलीसाठी बांधून घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० च्या दशकात फोक्सवॅगनच्या व्हॅनवर आधारित कॅम्परमुळे हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

वाहनाची रचना

मोटार कॅराव्हॅनमध्ये सामान्यतः दिवसा आसन व रात्री बिछाना होणारी बैठक, ओटा, गॅसची शेगडी, लहान फ्रीज आणि कपाटे असतात. पाण्याच्या दोन प्रकारच्या टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची. शौचालयाचा मैला स्वतंत्र बंद टाकीत साठतो. दिवे, पंखा आणि फ्रीज यांसाठी वाहनाच्या मुख्य बॅटरीखेरीज दुसरी बॅटरी असते. ती धावत्या इंजिनावर, छतावरील सौर पट्टीवर किंवा तळावरील वीजजोडणीवर भारित होते. भारतात या वाहनांच्या मंजुरीसाठी 'ए. आय. एस.-१२४' हे मानक लागू आहे.

उष्ण प्रदेशातील अडचणी

पाणी: अत्यंत काटकसरीने पिणे, स्वयंपाक, भांडी व हातपाय धुणे यांसाठी माणशी दररोज १५ ते २० लिटर पाणी धरल्यास, १०० लिटरची टाकी दोन माणसांना सुमारे तीन दिवस पुरते. उन्हाळ्यात हा हिशेब आणखी आखडतो. जेवढे पाणी वापरले जाते, त्यातील बहुतेक सांडपाण्याच्या टाकीत जमा होते. म्हणजे एक टाकी रिकामी होत असतानाच दुसरी भरत येते.

वीज: सुमारे एक किलोवॅट क्षमतेचे वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवण्यास पाच युनिट किंवा त्याहून अधिक वीज लागू शकते. छतावरील ३०० वॅटची सौर पट्टी स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण सव्वा ते दीड युनिट वीज देते. शिवाय पट्टी तापली की तिची कार्यक्षमता घटते. त्यामुळे सौर विजेवर दिवे, पंखा आणि लहान फ्रीज चालतो; वातानुकूलनासाठी तळावरील वीजजोडणीच लागते.

तापमान: उन्हात उभ्या बंद वाहनाच्या आतील हवा अर्ध्या तासात बाहेरच्या तुलनेत १५ ते २० अंश सेल्सिअसने अधिक तापू शकते. अशा वाहनात मुले, वृद्ध किंवा पाळीव प्राणी ठेवणे जिवावर बेतू शकते. सावलीत वाहन उभे करणे, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे आणि दुपारी प्रवास वा मुक्काम दोन्ही टाळून झाडाखाली विसावणे हे उपाय केले जातात. टायरमधील हवेचा दाब पहाटे, चाके थंड असताना तपासतात. तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा काढल्यास टायर आणखी तापतो व फुटण्याचा धोका वाढतो.

सिल्लोड–अजिंठा मार्ग

सिल्लोड हे तालुक्याचे ठिकाण छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. अजिंठा लेण्यांकडे दक्षिणेकडून येणारी बहुतेक वाहने येथूनच पुढे जातात. संभाजीनगर ते लेणी हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. सिल्लोडनंतर अजिंठा गाव लागते आणि तेथून घाट उतरून सोयगाव तालुक्यातील फर्दापूर येते. अजिंठ्याची डोंगररांग हा जलविभाजक आहे: तिच्या दक्षिण अंगाचे पाणी पूर्णा नदीवाटे गोदावरीस, तर उत्तर अंगाचे वाघूर नदीवाटे तापीस मिळते.

तालुक्यात कापूस, मका आणि मिरची ही पिके घेतली जातात. पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो, तर एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांपलीकडे जाते. टंचाईच्या वर्षांत अनेक गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. येथे गावे एकमेकांपासून काही किलोमीटरवरच असल्याने प्रवासी एकाकी पडण्याचा धोका कमी आहे. प्रश्न वेगळा आहे: उन्हाळ्यात ज्या विहिरीवर किंवा हातपंपावर कॅराव्हॅनची टाकी भरावी, त्याच पाण्यावर गावाची तहान भागत असते. म्हणून टाकी मोठ्या गावात किंवा निवासस्थानी, दाम देऊन भरून घेणे श्रेयस्कर ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या मार्गावर सर्वांत सोयीचा असतो.

अजिंठा लेण्यांचा १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. प्रदूषणापासून चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून खाजगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवरील फर्दापूर टी पॉइंट येथे थांबवली जातात आणि पुढील प्रवास बसने करावा लागतो. लेणी सोमवारी बंद असतात. त्यामुळे कॅराव्हॅनने येणाऱ्यांनाही वाहन सावलीत आणि सुरक्षित ठेवण्याची सोय फर्दापूर येथेच पाहावी लागते.

कोकण किनारा

कोकणात उन्हाळ्यातील तापमान मराठवाड्यापेक्षा कमी असले, तरी हवेतील आर्द्रतेमुळे घाम लवकर वाळत नाही आणि पाण्यावर चालणारा कूलर निरुपयोगी ठरतो. खाऱ्या वाऱ्याने पत्रा व विजेची जोडणी गंजते. किनाऱ्यालगतच्या अनेक रस्त्यांवर अरुंद वळणे आणि माडांच्या लोंबत्या झावळ्या असल्याने वाहनाची उंची व लांबी महत्त्वाची ठरते. वाळूत रुतलेले वाहन भरतीपूर्वी न निघाल्यास समुद्राच्या पाण्यात सापडते. म्हणून मुक्काम भरतीरेषेपासून दूर, कठीण जमिनीवर केला जातो.

ऑस्ट्रेलियातील आउटबॅकशी तुलना

उष्ण किनारी प्रदेशातील कॅराव्हॅन प्रवासाचे प्रसिद्ध उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचा वायव्य भाग हे आहे. पोर्ट हेडलंड ते ब्रूम या सुमारे ६०० किलोमीटरच्या टप्प्यात इंधन आणि पाणी मिळण्याची ठिकाणे मोजकीच आहेत. याच प्रदेशातील मार्बल बार येथे १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस कमाल तापमान १०० अंश फॅरनहाइट (३७.८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक नोंदवले गेले. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असल्याने प्रवासी मे ते सप्टेंबर हे महिने निवडतात. वाहन बंद पडल्यास ते सोडून पायी न निघता त्याच्या सावलीत थांबावे, हा तेथील सर्वमान्य नियम आहे. आउटबॅकमध्ये पाणी अंतरामुळे दुर्लभ असते. सिल्लोडसारख्या भागात ते जवळ असूनही अपुरे असते.

धोरण

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यात कॅराव्हॅन वाहने आणि ती उभी करण्याचे कॅराव्हॅन पार्क असे दोन घटक आहेत. केरळनेही त्याच वर्षी 'केराव्हॅन केरळ' ही योजना जाहीर केली. पाणी, वीजजोडणी आणि मैल्याची विल्हेवाट या तीन सोयी पार्कमध्ये मिळाल्या, तर सांडपाणी ओढ्यात वा शेताच्या बांधावर सोडण्याची वेळ येत नाही. त्यामुळे उष्ण व पाणीटंचाईच्या प्रदेशात वाहनांच्या संख्येपेक्षा अशा तळांची संख्या या पर्यटनाच्या विस्तारासाठी अधिक निर्णायक ठरते.