खिशातला फोन – लेखांक ९ : तीस सेकंदांची रिंग

उसाला पाणी पाजणाऱ्याचा फोन बांधावर असतो. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, शिरोळ, कुठल्याही तालुक्यात जा. पाण्याची पाळी आली की माणूस खोरं घेऊन सऱ्यांत उतरतो आणि फोन कॅरीबॅगेत गुंडाळून बांधावर चपलांशेजारी ठेवतो. फोन वाजला की दारं मोडायचं काम टाकून, चिखलाचे हात पाटात बुचकळून तो बांधाकडे निघतो. वाढलेल्या उसातून पळता येत नाही, पात्यांनी हात आणि गाल कापून निघतात. तो पोचेपर्यंत रिंग थांबलेली असते. "उचलायच्या आतच बंद पडतंय बघा," अशी तक्रार मग गावातल्या मोबाईल दुकानात येते. दुकानदार सेटिंग उघडून बघतो. आवाज वाढवता येतो, रिंगटोन बदलता येते, थरथर चालू करता येते. रिंग किती वेळ वाजावी हे मात्र त्या यादीत कुठंच नसतं.

नसणारच. ते घड्याळ फोनमध्ये नाही, कंपनीच्या यंत्रणेत आहे.

कुणी नंबर लावला की सगळ्यात आधी फोनची शोधाशोध होते. प्रत्येक कंपनीकडे ग्राहकांची एक मुख्य नोंदवही असते. कोणतं सिम सध्या कोणत्या भागात आहे, हे तिथून कळतं. मग त्या भागातले टॉवर एकदमच त्या फोनला हाक घालतात. फोन ‘आहे’ म्हणून उत्तर देतो आणि दोघांमध्ये रेडिओची वाट मोकळी केली जाते. एवढं झाल्यावरच फोन वाजायला लागतो आणि ‘वाजतोय’ असा निरोप मागं जातो. त्या निरोपापासून यंत्रणेतलं घड्याळ सुरू होतं. नंबर लावल्यावर सुरुवातीला जी शांतता असते ती या हिशेबात धरलेली नसते. ठरलेली सेकंदं भरली की यंत्रणाच कॉल सोडवून घेते, फोनला गप्प बसवते आणि पलीकडच्याला ‘उत्तर मिळत नाही’ ही ध्वनिफीत ऐकवते. हातातला फोन महागडा असो नाहीतर साधा बटणांचा, या बाबतीत दोघांनाही सारखाच हुकूम.

भारतात ही ठरलेली सेकंदं म्हणजे ३०. लँडलाईनला ६०. हे आकडे ‘ट्राय’ने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १ नोव्हेंबर २०१९ रोजी ठरवून दिले. त्याआधी नियमात आकडाच नव्हता, आणि म्हणूनच त्या वर्षी रिंगेवरून देशातल्या बड्या कंपन्यांची जुंपली. हा वाद पैशापैशाचा होता, तोही अगदी शब्दशः.

एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला आणि तो उचलला गेला, तर पहिल्या कंपनीने दुसरीला दर मिनिटाला काही पैसे द्यायचे, असा नियम होता. त्याला आंतरजोडणी शुल्क म्हणत. ऑक्टोबर २०१७मध्ये हा दर १४ पैशांवरून ६ पैशांवर आला. आता समजा, राजारामपुरीतल्या जिओच्या ग्राहकाने गडहिंग्लजच्या एअरटेलच्या ग्राहकाला फोन केला. उचलला तर जिओने एअरटेलला मिनिटाला ६ पैसे द्यायचे. पण रिंग २० सेकंदांतच तुटली, तर गडहिंग्लजच्या माणसाला दिसतो मिस कॉल. तो परत फोन लावतो, आणि आता ते ६ पैसे एअरटेलने जिओला द्यायचे असतात. रिंग थोडी आखूड केली की पैशाचा प्रवाह उलटा वाहू लागतो. एअरटेलने ट्रायकडे जिओविरुद्ध नेमका हाच आरोप केला. जिओचं म्हणणं होतं की २० सेकंद हा जगभरातल्या रिवाजाला धरूनच आहे. उलट आपल्याकडे बोलणं फुकट असल्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचे ग्राहक आपल्या ग्राहकांना मिस कॉल देतात आणि भुर्दंड आपल्याला बसतो. असे २५ ते ३० कोटी मिस कॉल रोज येतात, असा आकडाही जिओने जाहीर केला.

मग एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानेही आपली रिंग २५ सेकंदांवर आणली. त्याआधी ३० ते ४५ सेकंद वाजणारा फोन देशभर अचानक घाईला आला, आणि का, हे ग्राहकाला कुणी सांगितलंच नाही. २०१९च्याच ऑक्टोबरात जिओने दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर बोलण्यासाठी ग्राहकांकडून मिनिटाला ६ पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे १ जानेवारी २०२१ला आंतरजोडणी शुल्क शून्यावर आलं आणि रिंग आखूड ठेवण्यातला फायदाच संपला. तीस सेकंदांचा नियम मात्र राहिला.

हे भांडण इथंच का पेटलं, हे कळायला मिस कॉलचा इतिहास बघावा लागतो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला आणि देशात मोबाईल सुरू झाला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. मे २००३पासून येणारा कॉल फुकट झाला. जाणाऱ्याला पैसे, येणाऱ्याला नाहीत, आणि न उचललेल्याला तर कुणालाच नाहीत. या तिसऱ्या खिडकीतून लोकांनी आपली स्वतंत्र बोलीच तयार केली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोनदा मिस कॉल म्हणजे खाली ये, गाडी घेऊन उभा आहे. महाद्वार रोडवर खरेदीला गेलेल्या माणसाला घरून मिस कॉल आला की त्याने गुमान परत फोन लावायचा, हे ठरलेलं. ‘मिस कॉल मार, मी लावतो’ यात कमीपणा कुणालाच वाटत नसे. ज्याच्याकडे बॅलन्स, त्याने बोलायचं.

पुढं ही सवय सार्वजनिक झाली. २०११मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तर मुंबईच्या एका नंबरवर मिस कॉल द्यायचा होता. बंगळुरूच्या झिपडायल या कंपनीने तर मिस कॉलवरच धंदा उभा केला आणि जानेवारी २०१५मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली. याच सवयीच्या जवळचं एक काम पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं आहे. विहिरीवरची मोटर रात्री-अपरात्री सुरू करायला शेतकऱ्याला अंधारातून, विंचूकाट्यातून जावं लागू नये म्हणून त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवलं. मोटरीला जोडलेल्या फोनला घरबसल्या फोन लावायचा आणि मोटर चालू-बंद करायची. २००९मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते, त्या भागात या सोयीचं मोल फार मोठं आहे.

आता तीस सेकंद म्हणजे नेमकं किती? भारतात फोन लावणाऱ्याच्या कानात जी जुनी रिंग वाजते तिचा ताल ठरलेला आहे. ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद खंड, पुन्हा ०.४ सेकंद आवाज आणि मग २ सेकंद शांतता. म्हणजे एक ‘ट्रिंग-ट्रिंग’ ३ सेकंदांची, आणि तीस सेकंदांत अशा दहा. अमेरिकेत २ सेकंद आवाज आणि ४ सेकंद शांतता, त्यामुळे तेवढ्याच वेळात फक्त पाच. तिकडची माणसं रिंगा मोजून ‘चार वाजल्या, आता व्हॉइसमेल येईल’ असा अंदाज बांधतात. आपल्याकडे हा हिशेब कॉलर ट्यूनने मोडला. लावणाऱ्याला ऐकू येतं गाणं, समोरच्याच्या खिशात वाजते भलतीच धून, आणि गाणं रंगात येईतो वेळ संपतो.

खिशात हात घालण्याइतकी फुरसत असलेल्याला तीस सेकंद पुष्कळ होतात. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत साच्यात रस ओतणाऱ्या कामगाराला ते पुरत नाहीत. हातमोजे, तोंडावर आडोसा, भट्टीचा घोंगाट आणि हातातलं काम अर्ध्यावर सोडता न येणारं. गुडघे धरलेल्या आजीलाही ते पुरत नाहीत. लँडलाईनला ६० सेकंद देण्यामागचं कारण उघड आहे. तो फोन सोप्यात एका जागी असतो आणि माणूस परड्यातून चालत येतो. पण कोल्हापूरच्या घराघरांत आता म्हाताऱ्या माणसांचा मोबाईलही असाच एका जागी, चार्जरच्या पिनेला लटकलेला असतो. तिथवर चालत जायचं अंतर तेवढंच, आणि मुदत निम्मी.

ट्रायने आकडा ठरवून कंपन्यांची ओढाताण थांबवली, हे चांगलंच झालं. पण तो आकडा ठरला कंपन्यांच्या भांडणातून. ज्याचा फोन वाजतो त्याला विचारून नव्हे. कस्टमर केअरला एक विनंती करून एखाद्याला ४५ सेकंद घेता यावीत, यात अवघड काही नाही. यंत्रणेत प्रत्येक ग्राहकामागे कितीतरी नोंदी असतातच. त्यात या एका नोंदीची भर पडली तर शेतातल्या, फौंड्रीतल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे फोन उचलले जातील.

थोडा ताबा आजही ग्राहकाकडे आहे, पण तो वेगळ्या घड्याळावर. ‘फोन उचलला नाही तर तो दुसऱ्या नंबरकडे वळव’ अशी सोय जीएसएम यंत्रणेत पहिल्यापासून आहे. वळवण्याआधी किती वेळ थांबायचं हे ५, १०, १५, २०, २५ किंवा ३० सेकंदांत निवडता येतं. तीसच्या वर जायची मुभा या मानकात नाही. परदेशात हा दुसरा नंबर म्हणजे बहुतेक वेळा व्हॉइसमेलची पेटी. टेक्सासच्या गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३मध्ये या व्हॉइसमेलचं पेटंट मिळालं आणि अमेरिकेत तो कार्यालयांतून घराघरांत पोचला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रिंग लवकर तुटण्याचा त्रास होतो तो याच घड्याळामुळे. आईचा फोन यायचा आणि तो उचलायच्या आत व्हॉइसमेल बोलायला लागायचा. टी-मोबाईलसारख्या जीएसएम घराण्यातल्या कंपनीत कोड टाकून ही सेकंदं वाढवता येतात, व्हेरायझनच्या ग्राहकाला कस्टमर केअरला सांगावं लागतं.

इकडच्या आई-वडिलांसाठी तर तो व्हॉइसमेल खर्चिक प्रकरण होता. आयएसडीच्या बूथमध्ये काचेच्या दारामागे उभं राहून फोन लावायचा, समोर मीटरचे लाल आकडे. पलीकडून यंत्राने उचललं तरी यंत्रणेच्या दृष्टीने ते उचलणंच. मीटर पळायला लागायचं आणि मुलाचा आवाज कानावर न पडताच पैसे भरावे लागायचे. भारतात व्हॉइसमेल रुजला नाही याचं एक मोठं कारण हेच आहे. न उचललेला कॉल फुकट असताना यंत्राशी बोलायला पैसे कोण मोजणार? शिवाय मिस कॉलने निम्मा निरोप पोचत होताच. उरलेला निम्मा ऑगस्ट २०१३पासून व्हॉट्सअॅपच्या बोलक्या निरोपांनी उचलला.

पण वळवण्याची सोय व्हॉइसमेलविनाही कामाची आहे. रानात असलेल्याचा फोन २० सेकंदांनी घरच्या फोनकडे वळवला, तर निदान कुणीतरी उचलतं. दुकानदाराचा फोन गोदामातल्या मुलाकडे जाऊ शकतो. त्याचा प्रमाणित कोड असा: **६१* नंतर ज्या नंबरकडे वळवायचं तो नंबर, मग ** आणि सेकंदांचा आकडा, शेवटी #, आणि मग कॉलचं बटण. *#६१# टाकलं की सध्या फोन कुठे आणि किती सेकंदांनी वळतो ते पडद्यावर दिसतं. ##६१# ने ते रद्द होतं. अँड्रॉइडमध्ये हे कॉल सेटिंगमधल्या कॉल फॉरवर्डिंगखालीही असतं, मात्र सेकंदं निवडायची सोय प्रत्येक फोनमध्ये दिसत नाही. आयफोनच्या मेनूत तर सगळे कॉल सरसकट वळवण्याचाच पर्याय आहे. वळवलेल्या कॉलचा हिशेब वळवणाऱ्याच्या प्लॅनमधून होतो, हेही ध्यानात ठेवावं.

यातलं काय चालेल हे आता आधी कंपनीला विचारून घ्यावं लागतं, कारण दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून *४०१# सारख्या कोडनी कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली. कारण गंभीर होतं. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करून भामटे लोकांना फोनवरच कोड दाबायला लावत आणि त्यांचे कॉल स्वतःच्या नंबरकडे वळवून घेत. बँकेचा किंवा व्हॉट्सअॅपचा पडताळणी क्रमांक आवाजी कॉलवर आला की तो थेट भामट्याच्या कानात. म्हणून अनोळखी माणसाने सांगितलेला कोणताही कोड दाबू नये. शंका आली तर *#२१# आणि *#६१# टाकून आपला फोन भलतीकडे वळलेला नाही ना ते बघावं. वळलेला दिसला तर ##००२# ने सगळी वळणं एकदम रद्द करावीत आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावं.

पुढच्या आठवड्यात : पूर आला, वीज गेली, तरी मोबाईलचा टॉवर किती तास चालतो आणि कशावर.