टुंड्रांतील कुरणांची वर्गवारी व नकाशा

गांवच्या गायरानांत कुंदा कोठें उगवतो, पवन्या कोठें दाट येतो, कुसळीनें कोणता माळ व्यापला आहे, हें गुराख्यास पुस्तकावांचून ठाऊक असतें. गवतावरून जमिनीची पारख करणें ही आपल्याकडील जुनी विद्या आहे. लव्हाळा दिसला कीं जमीन ओलसर, कुसळी माजली कीं माळ हलका व चराईनें खंगलेला, असें अनुभवी शेतकरी सहज सांगतो. हीच विद्या, ज्या भूमीला नांगर कधीं लागला नाहीं अशा सुमारें पन्नास लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर शास्त्रीय रीतीनें कशी चालविली गेली, ती हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हा प्रदेश म्हणजे उत्तर ध्रुवाभोंवतालचा टुंड्रा होय. जेथें दाणा पिकत नाहीं त्या भूमीशीं शेतकी मासिकास काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु तेथेंहि कळप आहेत, राखणारे आहेत, चारा आहे व चाऱ्याची टंचाईहि आहे. आणि चाऱ्याचा हिशोब चुकला म्हणजे काय होतें ह्याचें तेथल्याइतकें स्वच्छ उदाहरण अन्यत्र क्वचितच सांपडेल.

उत्तरेकडे जातां जातां जेथें वृक्ष संपतात, तेथून टुंड्रा सुरू होतो. उन्हाळ्यांत जमिनीचा वरचा थर कोठें वीतभर तर कोठें दोन हातपर्यंत वितळतो. त्याखालीं माती, खडे व पाणी एकजीव गोठून बारमास दगडासारखीं राहतात. पाऊस व बर्फ मिळून पडणारें पाणी पुष्कळ ठिकाणीं आपल्या अवर्षणाच्या तालुक्यांहूनहि कमी असतें. तथापि तें खालीं मुरूं शकत नसल्यामुळें सपाट जमीन चिबड होऊन बसते. ज्यास आपण वाफसा म्हणतों ती अवस्था तेथें बहुधा उंचवट्यांवरच लाभते. म्हणून वीत दीड वीत उंचीच्या फरकानेंहि वनस्पती बदलते, व एकाच शेताएवढ्या जागेंत तीन-चार प्रकारचीं कुरणें एकमेकांस लागून आढळतात.

ह्या वनस्पती आपणांस अगदींच परक्या नाहींत. नदीकांठीं वाढणारा जो वाळुंज, त्याच्याच जातीचीं झुडपें तेथें आहेत, पण तीं घोट्याएवढीं, आणि अति उत्तरेस तर जमिनीस चिकटून सरपटणारीं. हिमालयांतील भूर्जाचें भावंड तेथें गुडघ्याएवढें खुजें झालेलें असतें. लव्हाळ्याच्या कुळांतील एक गवत मोठमोठे ठोंब धरून वाढतें व त्याच्या शेंड्याशीं कापसासारखे पांढरे झुबके येतात. आणि आमच्या गृहिणी मसाल्यांत जें दगडफूल घालतात, त्या वर्गांतील वनस्पती टुंड्रांत फार महत्त्वाच्या आहेत. कारण हिंवाळ्यांत बर्फ उकरून रेनडियर हा प्राणी त्यांवरच मुख्यतः जगतो.

उत्तर ध्रुवप्रदेशांत बीं व नेचे वर्गांतील मिळून सुमारें २,२०० जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. शेवाळ व दगडफूल ह्यांच्या जाती निराळ्या. आतां एवढ्या जातींची यादी केली म्हणजे नकाशा होत नाहीं. एकच जात ओल्या खळग्यांतहि आढळते व कोरड्या टेकाडावरहि आढळते. तिच्या एकटीच्या नांवानें जमिनीचा गुण कळत नाहीं. जमिनीचा गुण कळतो तो संगतीवरून. कोणती वनस्पती कोणाच्या शेजारीं, किती प्रमाणांत, नेहमीं आढळते, हें पाहिलें म्हणजे त्या जागेचा ओलावा, उष्णता, मातीचा आम्लपणा व बर्फ टिकण्याचा काळ हीं सर्व एकदम बोलूं लागतात. ह्या विचारास व्यवस्थित शास्त्राचें रूप देणाऱ्यांत जोसिआस ब्राउन-ब्लांके ह्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं आहे. त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ सन १९२८ मध्यें प्रसिद्ध झाला.

त्याची रीत कोणाहि चौकस मनुष्यास समजण्याजोगी आहे. जेथें वनस्पती एकसारखी दिसते अशी कांहीं चौरस मीटरांची एक चौकट आंखावयाची, आणि तींत असलेली प्रत्येक जात, शेवाळ व दगडफूल ह्यांसुद्धां, लिहून काढावयाची. प्रत्येक जातीनें जमिनीचा किती भाग झांकला आहे त्याचा अदमास करून अंक द्यावयाचा: तीन चतुर्थांशांहून अधिक झांकला असेल तर ५, निम्म्याहून अधिक असेल तर ४, चतुर्थांश ते निम्मा ३, शेंकडा पांच ते पंचवीस २, त्याहून कमी १, एखाददुसरें रोप असेल तर केवळ एक खूण. अशा शेंकडों चौकटी झाल्या कीं त्यांचें मोठें कोष्टक मांडावयाचें, आडव्या ओळींत जाती व उभ्या रकान्यांत चौकटी. मग ओळी व रकाने पुढें-मागें सरकवीत राहावयाचें, तों ज्या जाती नेहमीं एकत्र येतात त्यांचे गट आपोआप डोळ्यांपुढें उभे राहतात. हें काम कंटाळवाणें खरें, पण बाजारांत निरनिराळ्या शेतांवरून आलेलें धान्य निवडून प्रतवारी लावणाऱ्यास त्यांतील मर्म सांगावें लागणार नाहीं.

हवामानाप्रमाणें भाग पाडतांना मात्र एक अडचण येते. ओल्या खळग्यांतील कुरण फार उत्तरेसहि व पुष्कळ दक्षिणेसहि सारखेंच दिसूं शकतें. मग हवामानाची साक्ष कोणाची घ्यावी? ह्यावर रशियन शास्त्रज्ञांनीं काढलेली तोड आम्हांस फार मार्मिक वाटते. फार ओली नाहीं, फार कोरडी नाहीं, जेथें बर्फ सांचून राहत नाहीं व वाऱ्यानें उडूनहि जात नाहीं, माती बारीक व उतार मंद, अशी मध्यम जागा निवडावी. तिला ते ‘प्लाकोर’ म्हणतात. तेथें जें उगवतें तें हवामानाचेंच बोलणें समजावें, इतरत्र जागेचें बोलणें समजावें. पिकाचा अदमास घेतांना बांधाकडची किंवा पाटाकडची ओळ सोडून शेताच्या मध्यावरचें पीक आपण पाहतों, त्यांतलाच हा विवेक आहे. बोरिस युर्त्सेव आदि रशियन संशोधकांच्या ह्या परंपरेचा आधार घेऊन पुढें टुंड्राचे पांच पट्टे ठरविण्यांत आले.

अगदीं उत्तरेच्या पट्ट्यांत जुलै महिन्याचें सरासरी उष्णमान अवघें ० ते ३ अंश सेल्सिअस असतें. तेथें काष्ठमय वनस्पती मुळींच नाहीं. शेवाळ, दगडफूल व उशीसारखीं गोळा होऊन राहणारीं कांहीं फुलझाडें एवढेंच. दुसऱ्या पट्ट्यांत ३ ते ५ अंश, तेथें सरपटणारीं झुडपें येतात. तिसऱ्यांत ५ ते ७, तेथें तीं वीतभर उठूं लागतात. चवथ्यांत ७ ते ९, तेथें हातभर उभीं राहतात. आणि पांचव्या, वृक्षरेषेलगतच्या पट्ट्यांत ९ ते १२ अंश, तेथें तीं कंबरेएवढीं व आश्रयाच्या जागीं पुरुषभरहि वाढतात. पहिल्या पट्ट्यांत वर्षाची नवी वाढ दर हेक्टरीं ०.३ टनाच्या आंत, तर पांचव्यांत ३.३ ते ४.३ टन. उन्हाळ्याच्या सुमारें नऊ अंशांच्या फरकानें एवढें अंतर पडतें, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें.

उष्णतेखालोखाल महत्त्व चुन्याचें. अलास्काच्या उत्तर उतारावर कांहीं ठिकाणीं आम्ल जमीन व चुनखडीची जमीन एकमेकींस लागून आहेत, व त्यांमधील सीमा आकाशांतून घेतलेल्या चित्रांतहि ओळखूं येते. आम्ल बाजूस कापूस-गवताचे ठोंब, खुजा भूर्ज व शेवाळाची जाड गादी. चुन्याच्या बाजूस गादी पातळ, मधून मधून उघडी माती व गुलाबाच्या कुळांतील ड्रायस नांवाचें सरपटणारें झुडूप. शेवाळाची गादी घोंगडीप्रमाणें जमीन थंड राखते. म्हणून चुन्याच्या बाजूस उन्हाळ्यांत जमीन अधिक खोलवर वितळते. हवामान एकच असूनहि हा फरक पडतो, तेव्हां नकाशांत मातीचा गुण दाखविणें अवश्य झालें.

सन १९९२ मध्यें अमेरिकेंतील बोल्डर येथें निरनिराळ्या देशांचे वनस्पतिशास्त्रज्ञ जमले व सबंध ध्रुवप्रदेशाचा एकच नकाशा करावा असें त्यांनीं ठरविलें. तोंपर्यंत प्रत्येक देशाची वर्गवारी वेगळी, नांवें वेगळीं, त्यामुळें रशियाचा नकाशा कानडाच्या नकाशास जुळत नसे. अलास्का विद्यापीठाचे डोनाल्ड वॉकर ह्यांच्या पुढाकारानें हें काम अकरा वर्षें चाललें. आधारास उपग्रहानें सन १९९३ व १९९५ च्या उन्हाळ्यांत घेतलेलीं ढगरहित चित्रें होतीं. प्रदेशाचे नऊ भाग करून प्रत्येक भाग तेथील जाणत्यांकडे सोंपविला होता. नोंदलेले सुमारें चारशें वनस्पति-समूह अखेर पंधरा प्रकारांत बसविण्यांत आले, व सन २००३ मध्यें नकाशा प्रसिद्ध झाला. एकंदर ७१ लाख १० हजार चौरस किलोमीटरांपैकीं ५० लाख ५० हजारांवर वनस्पती आहे, बाकीचा भाग हिमाच्छादित. वनस्पतींच्या भागांत उभ्या झुडपांचा टुंड्रा शेंकडा २६, कुजट काळ्या मातीवरील गवताळ १८, डोंगराळ मिश्र प्रदेश १३, उजाड १२, खनिज मातीवरील गवताळ ११, सरपटणाऱ्या झुडपांचा ११ व पाणथळ ७ भरला.

नकाशाचें प्रमाण १ सेंटिमीटरास ७५ किलोमीटर. सुमारें १४ किलोमीटरांहून लहान जागा त्यांत दाखवितां आली नाहीं. म्हणजे आपल्याकडील पांच-सात गांवांच्या शिवारास एकच रंग. सन २०१९ मध्यें एक-एक किलोमीटरच्या चौकोनांचा सुधारलेला नकाशा निघाला, त्यांत हें वैगुण्य पुष्कळ कमी झालें आहे.

आतां चाऱ्याच्या हिशोबाकडे वळूं. बेरिंग समुद्रांत सेंट मॅथ्यू नांवाचें सुमारें ३३० चौरस किलोमीटरांचें निर्जन बेट आहे. महायुद्धाच्या काळांत, सन १९४४ मध्यें, अमेरिकेच्या तटरक्षक दलानें तेथें २९ रेनडियर नेऊन सोडले. बेटावर दगडफुलाची दाट गादी होती, आणि लांडगा नव्हता. सन १९५७ मध्यें कळप १,३५० चा झाला, १९६३ मध्यें ६,००० चा. पाहणाऱ्यास ही भरभराटच वाटली असती. पण त्या सहा वर्षांत जनावरांचें वजन शेंकडा चाळिसाच्या आसपास घटलें होतें व दगडफुलाची गादी खाऊन, तुडवून संपली होती. ही वनस्पती वर्षास अवघी कांहीं मिलिमीटर वाढते. एकदां उखडली कीं पूर्ववत् होण्यास कित्येक दशकें लागतात. उन्हाळ्यांत गवत व वाळुंजाचा पाला मुबलक, म्हणून वासरें होत राहिलीं; हिंवाळ्याचा चारा मात्र मुदलांतून खर्च होत होता. सन १९६३-६४ चा हिंवाळा कडक आला. १९६६ मध्यें मोजणी झाली तेव्हां ४२ जनावरें उरलीं होतीं, व त्यांत वासरूं एकहि नव्हतें. पुढें तींहि नाहींशीं झालीं.

ह्या बेटाच्या नुसत्या गवताळ हिरवेपणावर जो चाऱ्याची किंमत करील तो फसेल, आणि उपग्रहाच्या चित्रांचा धोकाहि नेमका तोच आहे. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेंकतें. ह्या फरकावरून उपग्रह हिरवेपणा मोजतो. रेनडियरच्या उपयोगाचें दगडफूल फिकट, राखी किंवा पांढुरकें असतें. तें ह्या मापांत फारसें भरत नाहीं. अलास्कांत सन १९४० नंतरच्या दशकांत विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें व पन्नास वर्षांनीं त्याच जागीं घेतलेलीं छायाचित्रें जुळवून पाहतां झुडपें वाढलेलीं व दाटलेलीं दिसतात. उपग्रहाच्या मापानेंहि टुंड्राचा पुष्कळ भाग सन १९८२ पासून अधिक हिरवा झाला आहे. परंतु झुडपांची सावली दाटली कीं तळचें दगडफूल हटतें. हिरवेपणा वाढत असतां हिंवाळ्याचा चारा कमी होणें अशक्य नाहीं.

शिवाय चारा असणें व तो तोंडीं लागणें ह्यांतहि अंतर आहे. सैबेरियांतील यामाल द्वीपकल्पांत नेनेत्स लोक कळपांमागें शेंकडों किलोमीटर फिरतात. सन २०१३ च्या नोव्हेंबरांत तेथें बर्फावर पाऊस पडून सर्व गोठलें, दगडफुलावर बर्फाचें जाड कवच बसलें, व सुमारें ६१,००० रेनडियर उपासमारीनें मेले. कुरण नकाशांत होतें तेथेंच होतें. असे कवच कोठें धरतें व कोठें वारा जमीन उघडी ठेवतो हें ते गुराखी जाणतात. आमच्या मतें नकाशा करणाऱ्यांनीं त्यांस विचारल्यावांचून चराईविषयीं निर्णय देऊं नये.

आपल्या देशाचाहि ह्या भूमीशीं थोडा संबंध आहे. स्वालबार बेटांवर सन २००८ मध्यें भारतानें ‘हिमाद्रि’ हें संशोधनगृह उघडलें, आणि त्याचा कारभार गोव्यांतील वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्थेकडे आहे.

दरम्यान जुन्या चौकटींचें मोल वाढलें आहे. कित्येक संशोधकांच्या याद्या वह्यांत व कधीं न छापलेल्या अहवालांत पडून होत्या. अलास्कापुरत्या तीन हजारांहून अधिक चौकटींच्या नोंदी सन २०१६ पर्यंत एकत्र करण्यांत आल्या. त्यांत शेवाळ व दगडफूल हीं जातवार, अंकांसह लिहिलेलीं आहेत; तीच जागा पुन्हां शोधून तीच चौकट आंखली म्हणजे मधल्या काळांत काय गेलें व काय आलें तें कळतें.